गाजर नव्हे, पाणी तपासा

आर्सेनिकच्या भीतीने गाजर, मुळा, बीट घरात आणूच नये, हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला पटला नाही. आर्सेनिक सगळीकडे सारखे नसते. पश्चिम बंगालमध्ये ते 1983 साली कूपनलिकांच्या पाण्यात उघड झाले. 1999 मध्ये राजनांदगाव जिल्ह्यातील कौडीकसा भागातही सापडले. तेव्हा तो जिल्हा आपल्याच मध्य प्रदेशात होता. दोन्हीकडे ते जमिनीच्या पोटातूनच आले.

अशा पाण्यावर वाढलेल्या मुळांत ते सालीत अधिक साठते. माती घासून धुवावी, साल जाड काढावी. पाणी उकळून मात्र काही साधत नाही, उलट ते आटून आर्सेनिकचे प्रमाण वाढते! आणि पाणथळ शेतातला भात गाजरापेक्षा सहज आर्सेनिक ओढतो, त्याविषयी पत्रात अवाक्षर नाही.

आपल्या स्वर्णरेखा नदीचा सांडपाण्याने नाला झाला आहे. त्या सांडपाण्याचे दुखणे वेगळे, त्याचे खापर आर्सेनिकवर फोडू नये. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम आहे. भाजीमळ्यांच्या विहिरी आणि बोअरही तपासून आकडे जाहीर करावेत, एवढीच प्रशासनाला विनंती.

— एक वाचक, नई सडक, लश्कर, ग्वाल्हेर