थायरॉइडची शस्त्रक्रिया, भूल आणि त्यानंतरच्या रात्री

शस्त्रक्रियेच्या टेबलावर रुग्णाला धीर देताना डॉक्टर म्हणतात, ‘आता तुम्हाला झोप लागेल.’ दिल्लीत हेच वाक्य ‘बस, अब आप सो जाएँगी’ असे ऐकू येते. वाक्य दयाळू आहे, पण शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे आहे. मराठीने या अवस्थेला झोपेहून वेगळा असा ‘भूल’ हा शब्द दिला, आणि तो त्या दिलाशापेक्षा अधिक प्रामाणिक ठरतो. झोपलेल्या माणसाला हाक मारून उठवता येते, भूल दिलेल्याला येत नाही. रात्रीची झोप साधारण दीड तासाच्या आवर्तनांनी पुढे सरकते, गाढ झोप आणि स्वप्नांची रेम झोप तीत आलटून पालटून येतात. भुलीत अशी आवर्तने नसतात. एमरी ब्राउन, राल्फ लिडिक आणि निकोलस शिफ यांनी 2010 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ही तुलना सविस्तर मांडली. पूर्ण भूल ही झोपेपेक्षा बेशुद्धावस्थेला, म्हणजे औषधाने आणलेल्या आणि परत फिरवता येणाऱ्या कोमाला, अधिक जवळची आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हा भेद आज पुन्हा सांगण्याचे कारण आहे. अलीकडच्या काळात भुलीची औषधे आणि शस्त्रक्रियेनंतरची झोप यांची सांगड घालणारी संशोधने वेगाने प्रसिद्ध होत आहेत. त्यांतील बरीच चीनमधील आहेत. प्रोपोफोल चांगले की सेवोफ्लुरेन, डेक्समेडेटोमिडिन द्यावे की एस्केटामिन, असे प्रश्न त्यांत विचारले जातात. अशा चाचण्यांसाठी थायरॉइडची, म्हणजे अवटू ग्रंथीची, शस्त्रक्रिया सोयीची असते. तिची पद्धत ठरलेली असते आणि मुक्काम थोडका असतो. रुग्णांत बहुसंख्य स्त्रिया असतात व अन्यथा त्यांची प्रकृती बरी असते. निष्कर्षाची बातमी होते तेव्हा मात्र तिचे एकच वाक्य उरते: अमुक औषधाने झोप सुधारते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने हे वाक्य तसेच गिळू नये.

या विषयाचा एक धागा दक्षिण दिल्लीत मुनिरक्याजवळ येऊन पोहोचतो. मुनिरक्याला लागून असलेल्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात बिरेंद्रनाथ मल्लिक यांनी अनेक वर्षे रेम झोपेचा अभ्यास केला. मेंदूच्या देठात ‘लोकस सेरुलियस’ नावाचा निळसर पेशीसमूह आहे. तो नॉरॲड्रेनालिन सोडतो आणि माणसाला सावध ठेवतो. रेम झोप सुरू व्हायची तर या पेशी गप्प व्हाव्या लागतात. रेम झोप हिरावून घेतली की त्या गप्प होत नाहीत, मेंदूतील नॉरॲड्रेनालिन वाढते आणि पेशींच्या आवरणातील सोडियम-पोटॅशियम पंपाचे काम बिघडते, असे मल्लिक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगांनी दाखवले. डेक्समेडेटोमिडिन नेमके याच पेशीसमूहाला शांत करते. म्हणूनच त्याच्या प्रभावाखालचा मेंदूलेख नैसर्गिक गाढ झोपेसारखा दिसतो आणि रुग्णाला हाक मारून जागेही करता येते. प्रोपोफोलचा मार्ग निराळा आहे. ते ‘गाबा’ या दमनकारी रसायनाचा परिणाम मेंदूभर वाढवते. मुनिरक्यात खोली घेऊन राहणाऱ्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की शेजारच्या प्रयोगशाळेतील उंदरांवरचे ते काम पुढे शस्त्रक्रियागृहातल्या औषधाचा अर्थ लावायला उपयोगी पडते?

डेक्समेडेटोमिडिनच्या बाजूचा पुरावा पोकळ नाही. 2016 मध्ये ‘लॅन्सेट’ने बीजिंगमधील 700 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात आलेल्या, पासष्टी गाठलेल्या वा ओलांडलेल्या या रुग्णांना रात्रभर अगदी अल्प मात्रेत हे औषध दिले गेले. ज्यांना ते मिळाले त्यांच्यात संभ्रमावस्थेचे प्रमाण 9 टक्के होते, ज्यांना मिळाले नाही त्यांच्यात 23 टक्के. रुग्णांनी स्वतः सांगितलेली झोपही सुधारली. परंतु ते वृद्ध होते, अतिदक्षता विभागात होते आणि त्यांच्या नाडीवर व रक्तदाबावर अखंड लक्ष होते. या औषधाने नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. चाळिशीतली, थायरॉइडची गाठ काढलेली, सामान्य वॉर्डात झोपलेली स्त्री हा वेगळा रुग्ण आहे. एका गटातला निष्कर्ष दुसऱ्या गटाला सरसकट लावणे ही आळशी बुद्धी झाली.

थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर झोप का मोडते, याची कारणे मोजायला बसले तर औषधाचे नाव बरेच खाली येते. शस्त्रक्रियेच्या वेळी खांद्याखाली उशी सारून मान मागे ताणलेली ठेवतात. त्यामुळे रात्री मानेचा मागचा भाग आणि डोके ठणकते. श्वासनलिकेत नळी घातलेली असते, म्हणून घसा खवखवतो आणि प्रत्येक आवंढा जाणवतो. काहींच्या मानेला ड्रेनची नळी असते. कूस बदलली तर टाके तुटतील या भीतीने रुग्ण उताणा पडून राहतो. मळमळ आणि उलटी या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांना होते. ती टाळण्यासाठी जे डेक्सामेथासोन देतात ते स्टेरॉइड आहे, आणि स्टेरॉइड स्वतःच झोप उडवू शकते. वेदनेसाठी अफूवर्गीय औषधे दिली तर गाढ झोप व रेम झोप दोन्ही दबतात. मोठ्या शस्त्रक्रियांनंतर पहिल्या एक-दोन रात्री रेम झोप जवळजवळ नाहीशी होते आणि पुढच्या रात्रींत ती उसळून परत येते, हे जुने निरीक्षण आहे. त्या परतीच्या रात्री भयानक स्वप्ने पडली तर रुग्ण घाबरतो, कारण तसे होऊ शकते हे कोणी सांगितलेले नसते.

याशिवाय कॅल्शियम. थायरॉइडला चिकटून असलेल्या चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी शस्त्रक्रियेत दुखावल्या गेल्या, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तातील कॅल्शियम उतरते. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, पायांत गोळे येतात. रात्री दोन वाजता आलेल्या या मुंग्यांना निद्रानाश म्हणून झोपेची गोळी देणे ही गंभीर चूक ठरेल. ज्यांची थायरॉइड ग्रंथी अतिक्रियाशील होती त्यांची झोप तर शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच बिघडलेली असते. ती भुलीच्या खात्यावर मांडणे अन्यायाचे आहे. उलट, ग्रंथी पूर्ण काढली म्हणून पहिल्याच रात्री झोप गेली, असेही म्हणता येत नाही. थायरॉक्सिनचे अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचे आहे, त्यामुळे पहिल्या रात्री रक्तातील साठा पुरेसा असतो.

खरा पेच आहे तो वेगळाच. मानेत रक्त साचणे हा या शस्त्रक्रियेतला सर्वांत भीतिदायक धोका. तो क्वचित घडतो, पण घडला तर बहुतेकदा पहिल्या चोवीस तासांत घडतो, आणि श्वासनलिका दबायला वेळ लागत नाही. म्हणून परिचारिकेने रात्री वारंवार येऊन मान पाहणे, रुग्णाला बोलायला लावून आवाज ऐकणे आवश्यक असते. ही जाग टाळता येणारी नाही, टाळूही नये. अशा वेळी रुग्णाला अधिक खोल झोपवणारे औषध ‘झोपेची गुणवत्ता वाढवते’ म्हणून पुढे केले जाते, तेव्हा त्या सुस्तीची किंमत कोण मोजणार, हा प्रश्न चाचणीच्या सारांशात दिसत नाही. पहिली रात्र पहाऱ्याची असते. झोपेचा विचार खऱ्या अर्थाने दुसऱ्या रात्रीपासून सुरू होतो, आणि तोवर शस्त्रक्रियेत दिलेले प्रोपोफोल शरीरातून बव्हंशी गेलेले असते.

मोजमापाबद्दलही बोलायला हवे. अशा पुष्कळ अभ्यासांत पिट्सबर्ग निद्रागुणवत्ता निर्देशांक वापरतात. 1989 मध्ये मांडलेली ही प्रश्नावली उत्तम आहे, पण ती मागच्या एक महिन्याच्या झोपेबद्दल विचारते. शस्त्रक्रियेच्या तिसऱ्या दिवशी रुग्णाने दिलेल्या उत्तरात सत्तावीस दिवस शस्त्रक्रियेपूर्वीचे असतात! रात्रीपुरती छोटी प्रश्नावली, मनगटावरील हालचालमापक किंवा प्रत्यक्ष मेंदूलेख ही साधने अधिक योग्य होत. बातमी वाचणाऱ्या विद्यार्थ्याने औषधाचे नाव वाचण्याआधी झोप कशाने मोजली, हे शोधावे. बहुतेक वेळा निकाल तिथेच लागतो.

याचा अर्थ भुलीची औषधे झोपेच्या दृष्टीने निरपराध आहेत असा नाही. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी मधमाश्यांना दिवसा सहा तास आयसोफ्लुरेनची भूल दिली, तर त्यांचे जैविक घड्याळ सरासरी तीन तासांहून अधिक मागे पडले. सूर्याच्या आधाराने दिशा ठरवणाऱ्या त्या माश्या मग चुकीच्या दिशेने उडू लागल्या. 2012 मधला हा प्रयोग फार सुंदर आहे. प्राण्यांवरच्या अन्य प्रयोगांत प्रोपोफोलखाली झोपेची उधारी काही अंशी फिटते असे दिसले, तर वायुरूप भुलीत रेम झोपेचे कर्ज साचत जाते असे आढळले. या फरकांना महत्त्व आहे. मात्र मधमाशी आणि उंदीर यांच्यापासून वॉर्डातील खाटेपर्यंतचे अंतर पायी चालायचे असते.

आणि ती खाटही लवकरच सुटते. गुंतागुंत नसेल तर रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो. दक्षिण दिल्लीत शस्त्रक्रियेसाठी बाहेरगावाहून आलेले रुग्ण आणि नातेवाईक मुनिरक्यासारख्या वस्तीत खोली घेऊन राहतात, तिथे शिकणाऱ्या भावाकडे किंवा भाचीकडे उतरतात. मुनिरका गावाच्या गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरासमोरच्या गच्च्यांतून हात मिळवावा. खाली रात्री उशिरापर्यंत खानावळी चालू, पलीकडे बाह्य रिंग रोड. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. तिचे पालन होते असे तिथे राहिलेला कोणीही म्हणणार नाही. भूलतज्ज्ञाने निवडलेल्या औषधाचा सूक्ष्म लाभ अशा खोलीत पहिल्याच रात्री संपून जातो. पण त्या रात्रीबद्दल विचारायला मागे कोणी उरत नाही, कारण भूलतज्ज्ञाचा आणि रुग्णाचा संबंध रुग्णालयाच्या दारातच संपलेला असतो.

भारतात या ग्रंथीवर झालेले सर्वांत मोठे काम कसे झाले ते इथे आठवावे. 1956 मध्ये व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात गलगंडाचा अभ्यास सुरू केला. खोऱ्याचे तीन भाग पाडले, दोहोंत आयोडीनयुक्त मीठ पुरवले, एकात साधे. काही वर्षांत आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंड स्पष्टपणे कमी झाला, साध्या मिठाच्या भागात नाही. पुढे त्या भागालाही आयोडीन दिले, आणि तिथेही तो घटला. 1973 च्या अहवालावर म. गो. देव आणि म. गो. करमरकर यांचीही नावे आहेत. महागडे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. साधा उपाय, तुलनेसाठी गट आणि माणसांच्या घरापर्यंत वर्षानुवर्षे जाण्याची चिकाटी होती.

झोपेच्या प्रश्नालाही हीच रीत लागू करता येईल. कानात बोळे, डोळ्यांवर पट्टी, रात्रीच्या तपासण्या आणि रक्ताचे नमुने शक्य तितके एकाच फेरीत उरकणे, दिवे मंद करणे, डेक्सामेथासोन सकाळीच देणे, मान कशी टेकवावी हे परिचारिकेने हाताने दाखवणे: हा एक गट. नवे औषध हा दुसरा गट. दोघांची तुलना करावी, आणि सातव्या व तिसाव्या रात्री फोन करून विचारावे. अशी चाचणी कोणत्याही औषध कंपनीला नको असेल, कारण तिच्यात विकण्याजोगे काही नाही. म्हणूनच ती सार्वजनिक पैशाने व्हायला हवी. मुनिरक्यातच राष्ट्रीय आरोग्य व कुटुंबकल्याण संस्था आहे. 1977 पासून ती देशभरातील आरोग्यकर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देत आली आहे. वॉर्डातील रात्र हा विषय तिथल्या वर्गांत अवघड ठरू नये.

तोवर निदान घरी पाठवताना दिल्या जाणाऱ्या कागदावर चार ओळी वाढवता येतील. काही रात्री झोप तुटक लागेल आणि वाईट स्वप्ने पडू शकतील. ओठांना मुंग्या आल्या तर झोपेची गोळी घेऊ नका, रुग्णालय गाठा. मान सुजली, श्वास कोंडला किंवा आवाज बदलला तर सकाळची वाट पाहू नका. थायरॉक्सिनची गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी धडधड होऊन झोप उडू लागली, तर मात्रा जास्त होत असेल, रक्त तपासून घ्या. कागद हिंदीत असावा, आणि रुग्ण मराठी, मैथिली वा मणिपुरी बोलणारा असेल तर त्याच्या भाषेतही.