पांढऱ्या गणवेशाला पाणी लागू द्या

भाचीने कॉलेजात एनसीसीची नौदल शाखा घेतली, तेव्हा घरात पहिली चौकशी झाली ती 'सी' सर्टिफिकेटची. पोलीस भरतीत जादा गुण, सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठी काही जागांवर लेखी परीक्षेतून सूट, हा सगळा हिशेब तिच्या काकांनी चहा संपायच्या आत मांडला. पोरगी होडी वल्हवणार आहे, शीड उभारणार आहे, हे कुणाच्या ध्यानातही आले नाही. आले ते फक्त माझ्या बहिणीच्या, तेही वेगळ्याच कारणाने. "पाण्याजवळ फार जाऊ नकोस गं," ती म्हणाली.

नौदलाचे शिक्षण घ्यायचे, पण पाण्याजवळ जायचे नाही! आमच्या घरातच असे घडते म्हणावे, तर तसेही नाही. सातशे वीस किलोमीटरचा किनारा आपण भूगोलाच्या पेपरासाठी पाठ करतो. कान्होजी आंग्र्यांचे नाव घेताना आपली छाती फुगते. २०२३ मध्ये मालवणात नौदल दिन झाला तेव्हा सिंधुदुर्गासमोर माणसांचा समुद्र लोटला होता. पण स्वतःच्या मुलाला समुद्रात उतरवायची वेळ आली की आपण घाटावरचे होतो.

एनसीसी १९४८ साली सुरू झाली. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीने शाळा-कॉलेजांतल्या मुलांसाठी अशी संघटना असावी असे सुचवले, कायदा झाला आणि त्याच वर्षी जुलैत ती उभी राहिली. आधी फक्त भूदलाची शाखा होती. वायुदलाची १९५० मध्ये आली, नौदलाची १९५२ मध्ये. शाळेतली मुले कनिष्ठ विभागात, कॉलेजातली वरिष्ठ विभागात. कॅडेट म्हणून दाखल व्हायचे आणि लीडिंग कॅडेट, पेटी ऑफिसर कॅडेट असे वर चढत जायचे. शिकवायला नौदलातले नाविक असतात, कॉलेजचे एक प्राध्यापक अधिकारी म्हणून असतात. परेड सगळ्या शाखांना असते. या शाखेचे वेगळेपण असते ते बोट वल्हवण्यात, शिडाची होडी हाकण्यात, दोरांच्या गाठींत, लाल-पिवळ्या निशाणांनी निरोप धाडण्याच्या सेमाफोरमध्ये आणि लाकडातून हुबेहूब जहाज घडवण्यात. किनाराच हवा असेही नाही. मध्य प्रदेशाला समुद्र नाही, तरी भोपाळात नौदल शाखेची तुकडी आहे आणि तिथल्या बड्या तलावात शिडे फुगतात.

भाचीचा सराव पाहायला मी रत्नागिरीच्या भगवती बंदरात गेलो होतो. मुलांच्या हाती असते ती व्हेलर, सत्तावीस फूट लांबीची, दोन्ही टोकांना निमुळती. वल्ही पाच, उजवीकडे तीन आणि डावीकडे दोन. सहावा माणूस मागच्या टोकाला सुकाणू धरून बसतो, त्याला कॉक्सन म्हणतात. त्या दिवशी कॉक्सनच्या जागी भाचीच्या वर्गातली एक किरकोळ अंगाची मुलगी होती. वल्ह्यांवर तिच्या दीडपट वजनाची मुले. "गिव्ह वे टुगेदर" असा हुकूम तिने दिला आणि पहिल्याच फटक्याला गोंधळ झाला. एकाचे वल्हे पाण्यात खोल रुतले, मूठ उलटून त्याच्या छातीवर बसली आणि बोट आडवी फिरू लागली. ती ओरडली नाही. "ओअर्स" म्हणून तिने सगळ्यांची वल्ही पाण्यावर आडवी धरायला लावली, बोट स्थिर होऊ दिली आणि मग तोंडाने आकडे मोजत ताल धरला. चार-पाच फटक्यांत पाची वल्ही एकदम पडू लागली आणि बोट सरळ रेषेत निघाली.

तेव्हा एक गोष्ट प्रथमच माझ्या लक्षात आली. वल्हवणाऱ्या पाचही जणांची पाठ पुढच्या दिशेला असते. बोट कुठे चालली आहे ते त्यांना दिसत नाही. दिसतो तो मागे पडत जाणारा धक्का आणि कॉक्सनचा चेहरा. पुढचे पाणी, खडक, येणारे मचवे दिसतात ते एकट्या कॉक्सनला, पण ताकद लावणे तिच्या हातात नसते. जिला दिसते ती वल्हवत नाही आणि जे वल्हवतात त्यांना दिसत नाही. नेतृत्वावर आपल्याकडे शिबिरे होतात, पाहुणे येतात, पडद्यावर चित्रे दाखवतात. इथे पोरांना ते सहा जणांच्या फळीवर बसून कळते. शिवाय आज सुकाणूवर असलेली मुलगी उद्या वल्ह्यावर बसते. आपल्या पाठीमागे काय आहे हे न बघता दुसऱ्याच्या शब्दावर जोर लावावा लागला, की हुकूम सोडताना जीभ आपोआप सावध होते.

दोरांच्या गाठींचेही तसेच. बोलाइन नावाची गाठ आहे. ती ताण आला तरी आवळत नाही आणि काम झाले की चटकन सुटते. पाण्यात पडलेल्या माणसाच्या काखेखालून ती बांधतात. भाची आता ती डोळे मिटून घालते. त्याला कुठल्या सर्टिफिकेटात किती गुण, ते मला ठाऊक नाही.

या मुलांना भरती-ओहोटीचे कोष्टक वाचायला शिकवतात. कोकणातल्या कोळ्याला ते छापील लागत नाही. तिथीचे पाऊणपट केले की भरतीची वेळ निघते, हा त्याचा पिढीजात हिशेब. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती पूर्ण. अष्टमीला सहा, पौर्णिमेला साधारण सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी ओहोटी. भाचीने कोष्टकाशी हे ताडून पाहिले आणि काही मिनिटांच्या फरकाने जमले, तेव्हा तिच्या आजोबांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा मान घरात एकदम वाढला. पुस्तकातले शास्त्र आणि बंदरावरचे शहाणपण एका ताटात वाढणारी दुसरी जागा आपल्या शिक्षणात मला तरी दिसत नाही.

हे ज्ञान हौसेचे नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडला सहलीला आलेले पुण्याच्या कॉलेजचे चौदा विद्यार्थी समुद्रात बुडाले. त्यानंतरही दर सुटीत कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावरून अशी बातमी येतेच. आपण फलक लावतो, दोर बांधतो, जीवरक्षक नेमा म्हणून मागणी करतो. ते सगळे हवेच. पण ओहोटीचे पाणी माणसाला आत कसे ओढते, कुठल्या वेळी पाण्यात पाय घालू नये, हे मुलाला शिकवायची जबाबदारी शाळेने घेतलेली नाही. पाण्याची भीती घालणे सोपे असते, पाण्याची ओळख करून द्यायला वेळ द्यावा लागतो. भीती घातलेले पोरच सहलीत मित्रांच्या नादाने कमरेएवढ्या पाण्यात जाते.

मुंबईने ही ओळख फार पूर्वी करून दिली होती. १९२७ मध्ये माझगावसमोर 'डफरिन' नावाचे जहाज नांगरून तिथे शाळाच काढली. भारतीय मुले जहाजावर राहायची, जहाजावरच शिकायची आणि व्यापारी जहाजांवर अधिकारी व्हायची. पहिल्याच तुकडीत रामदास कटारी नावाचा मुलगा होता. तो १९५८ मध्ये नौदलाचा पहिला भारतीय प्रमुख झाला. 'डफरिन'ची जागा पुढे 'राजेंद्र'ने घेतली आणि त्यानंतर नवी मुंबईत 'चाणक्य' ही किनाऱ्यावरची संस्था आली. शाळकरी मुलांसाठी कुलाब्याला सी कॅडेट कोअरचे 'जवाहर' हे केंद्र आहे. तिथली मुले शाळा सांभाळून बोट आणि शीड शिकतात. मुलीही यात मागे नाहीत. गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या 'तारिणी' नौकेतून रूपा आणि दिलना या दोन नौदल अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ रोजी निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून २९ मे २०२५ रोजी गोव्यात परतल्या. "मुलींना कशाला बोट?" असे म्हणणाऱ्यांनी ही एक तारीख लक्षात ठेवली तरी पुरे.

सरकारी पातळीवर इच्छा नाही असे म्हणता येणार नाही. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी सीमेवरच्या आणि किनाऱ्यावरच्या १७३ जिल्ह्यांत एक लाख नवे कॅडेट घ्यायचे जाहीर केले, त्यांतल्या एक तृतीयांश मुली. कॅडेट वाढतील. पण त्यांच्यासोबत बोटी, धक्के आणि शिकवणारे नाविक वाढले पाहिजेत. नाहीतर होते काय, ते मी काही कॉलेजांत पाहिले आहे. बोट शेडमध्ये उलटी पडलेली, तिच्यावर कबुतरांचे घर. जोखीम नको, परवानगीची कटकट नको, पालकांची तक्रार नको, म्हणून वर्षभर मैदानावर परेड आणि सव्वीस जानेवारीला पाहुण्यांना सलामी. मुलगा तीन वर्षे नेव्हल कॅडेट म्हणून मिरवतो आणि त्याच्या बुटांना खारे पाणी लागलेले नसते.

पालकांना माझे सांगणे एवढेच आहे. मुलाला आधी पोहायला शिकवा आणि मग निर्धास्तपणे बोटीत बसू द्या. तिथे लाइफ जॅकेट असते, शिकवणारा नाविक असतो आणि हुकूम मोडायची मुभा नसते. सहलीच्या बेभान घोळक्यापेक्षा ती बोट कितीतरी सुरक्षित आहे. प्राचार्यांनाही एक विनंती आहे. परेडचा फोटो सूचना फलकावर लावता, तसा आपल्या तुकडीने वर्षभरात किती तास पाण्यावर काढले तो आकडाही शेजारी लावा. तो शून्य असेल, तर तुमच्या कॉलेजात नौदल शाखा नाही, पांढरे कपडे तेवढे आहेत.