छायाचित्रांतील छाया

आपल्या भाषेंत फोटोग्राफास दोन नांवें आहेत. एक प्रकाशचित्र व दुसरें छायाचित्र. पैकीं दुसरेंच लोकांच्या तोंडीं अधिक रुळलें. असें असूनही मुलांच्या हातीं कॅमेरा आला, कीं घरांतील वडील मंडळींचा पहिला उपदेश हाच असतो, कीं उन्हांत जा, म्हणजे फोटो स्वच्छ निघेल. मंद फिल्मच्या काळीं हा उपदेश योग्यच होता. परंतु रस्त्यावरील रंग टिपावयाचे असतील तर आज तो सोडून द्यावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. रंग पाहावयाचा तर सावलींत गेलें पाहिजे.

मुंबईंतील गिरगांवांत असलेली खोताची वाडी घ्या. तेथील गल्ल्या इतक्या अरुंद, कीं दिवसाचा बराच वेळ ऊन जमिनीपर्यंत पोंचत नाहीं. जुन्या घरांच्या लांकडी गॅलऱ्या, बाहेरून माडीवर जाणारे जिने, रंगविलेलीं दारें आणि खिडक्यांच्या झडपा या सावलींतच असतात. उन्हांतील दारावर तकाकी चढते व ती मूळ रंगावर जणूं पांढरा पडदा ओढते. शिवाय कडक सावली दाराचे दोन तुकडे करिते. एक भाग पांढरा फटफटीत, तर दुसरा काळाकुट्ट. सावलींत उजेड आभाळांतून व समोरच्या भिंतीवरून सर्व बाजूंनीं सौम्यपणें येतो. तेव्हां निळा तो निळा व हिरवा तो हिरवा दिसतो, आणि जुना रंग उडून त्याखालचा थर जेथें डोकावतो, ती जागाही लपत नाहीं.

सावलींत अडचणी आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. दुपारच्या उन्हाच्या मानानें मोकळ्या सावलींतील उजेड साधारण एक अष्टमांश असतो. अरुंद गल्लींत तर त्याहूनही कमी. खिशांत मावणाऱ्या झूम कॅमेऱ्याचा सेन्सर बहुधा सुमारें ६ मिलिमीटर रुंद असतो, तर ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद असे. त्यांत आणखी भिंग पुरें लांबविलें, कीं एफ/३ चें छिद्र पुष्कळदां एफ/६ पर्यंत लहान होतें आणि उजेड चौथाईवर येतो. जें चित्र १/६० सेकंदांत निघालें असतें, त्यास १/१५ सेकंद लागतो. तेवढ्यांत हात हलतो व लांबविलेल्या भिंगांत तो हलणेंही मोठें होऊन दिसतें. आय. एस. ओ. वाढविला तर रंगांत दाणे उठतात.

यावर उपाय साधे आहेत. भिंग लांबविण्यापूर्वीं चार पावलें पुढें टाकावीं. खांबास किंवा भिंतीस टेकून उभें राहावें आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाहीं. सावलींतील उजेड निळसर असतो, म्हणून व्हाइट बॅलन्स सावलीच्या खुणेवर ठेवावा. चौकटींत उन्हाची एकही पट्टी येऊं देऊं नये. दार गडद रंगाचें असल्यास कॅमेरा तें फिकें करून दाखवितो. अशा वेळीं उजेड किंचित् कमी करावा.

कोणी म्हणेल, हें सर्व मोबाइल आपोआप करितो. मग एवढा खटाटोप कशास? करितो खरा, पण पुष्कळदां तो रंगास आपल्या पसंतीचा भडकपणाही देतो. समारंभाच्या चित्रांत तें खपून जाईल. येथें खपणार नाहीं. कारण त्या वाडींतील कित्येक जुनीं घरें पाडलीं गेलीं आहेत आणि त्यांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. मोठ्या वास्तूंचे नकाशे दप्तरांत राहतात. परंतु जिन्याच्या कठड्याचा रंग कोणता होता, याची नोंद कोण ठेवितो? उद्यां एखाद्या घराची डागडुजी निघाली, तर तुमचें चित्र साक्षीदार म्हणून उपयोगी पडेल. पण तें खरें असेल तरच. भडक केलेला रंग ही खोटी साक्ष होय.

आणखी एक गोष्ट आम्हांस रंगाहूनही महत्त्वाची वाटते. तीं दारें म्हणजे प्रदर्शन नव्हे. त्यांच्या आड माणसें नांदत आहेत. दूर उभें राहून, भिंग लांबवून, कोणाच्या गॅलरींत डोकावणें हा असभ्यपणाच आहे. आणि मौज अशी, कीं कॅमेराही आपणांस हेंच शिकवितो. दुरून चोरून घेतलेलें चित्र सावलींत हलतें व डागाळतें. चार पावलें पुढें जाणाऱ्याचें स्वच्छ येतें. मात्र तीं चार पावलें टाकलीं, कीं आपण घरधन्याच्या हांकेच्या टप्प्यांत येतों. तेथें नमस्कार करावा, "आपल्या दाराचें चित्र घेऊं का?" असें विचारावें, आणि नको म्हटल्यास आभार मानून पुढें चालावें. पुष्कळदां असें विचारल्यानें दाराचा रंग कोणी, केव्हां दिला, हेंही कळतें. तें चित्राच्या पाठीमागें तारखेसह लिहून ठेवावें.

पालकांस आमची विनंती आहे, कीं मोबाइल आल्यापासून कपाटांत पडून असलेला छोटा कॅमेरा या सुटींत मुलांच्या स्वाधीन करावा. विद्यार्थ्यांनीं त्यासाठीं गिरगांवासच जावें असें नाहीं. आपल्या आळींतील दाराची कडी, पाणपोई, किराणा दुकानाची फळी, यांपैकीं दहा वस्तू सावलींत, जवळ जाऊन व परवानगी घेऊन टिपाव्या. पुढच्या वर्षीं त्यांतील किती जागेवर उरल्या, हें पुन्हां जाऊन पाहावें.