डबा कॅमेऱ्यातली माणसे

आपल्या बऱ्याच घरांत पेटीच्या तळाशी तळहाताहून लहान, पांढऱ्या काठाचे फोटो असतात. चेहरे हरभऱ्याएवढे, डोळे बारीक केलेले. नव्या पोरांना तो कचरा वाटतो. आम्ही म्हणतो, थांबा!

हे फोटो बहुधा डबा कॅमेऱ्याचे. १९०० साली कोडकने पुठ्ठ्याचा 'ब्राउनी' एका डॉलरला विकला आणि फोटो काढणे साध्या माणसाच्या हातात आले. आपल्याकडे पुढे बडोद्याला तयार झालेला 'आग्फा क्लिक-३' प्लॅस्टिकचा, पण त्याच जातीचा. आत एक साधे भिंग आणि एक खटका. अंतर जुळवायची भानगड नाही. दहाएक फुटांपलीकडचे सारे बऱ्यापैकी स्पष्ट येई. म्हणून माणसे लांब उभी केली जात. भिंगाला उजेड भरपूर लागे, म्हणून तोंडे उन्हाकडे. आपल्या वऱ्हाडातले ऊन! डोळे बारीक होणारच. मागच्या लाल काचेतून रोलचा आकडा बघून किल्ली फिरवायची. विसरले की एकावर एक दोन फोटो. त्याला कोणी भूत समजू नये.

छोट्या फोटोची निगेटिव्ह मात्र मोठी असते. पुष्कळदा तीच कागदावर ठेवून छापत, म्हणून फोटो तेवढाच. सहा बाय सहा सेंटिमीटरची निगेटिव्ह पुढच्या पस्तीस मिलिमीटरच्या साडेतीन पट भरते. फोटोत न दिसणारा चेहरा तिच्यातून मोठा करता येतो.

अकोल्यात एका गिरणी कामगाराच्या घरी अशा निगेटिव्ह आम्ही बिस्किटाच्या डब्यात पाहिल्या. एकीत घरची आजी तरुणपणी, कडेवर लेकरू. तिचा दुसरा फोटो त्या घरात नाही.

अमरावती-अकोल्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो. टिनाखालच्या फळीवरून डबा आधी खाली घ्या. निगेटिव्ह कडेने धरा, ओल्या फडक्याने पुसू नका, कोऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा. मोबाईलचा पांढरा पडदा उजळून त्याच्या थोडी वर निगेटिव्ह धरा, दुसऱ्या मोबाईलने फोटो घ्या आणि रंग उलटे करा. माणूस दिसू लागतो. मग तो आजीला, मोठ्या आईला दाखवा. नाव, गाव, नाते विचारून फोटोच्या मागे काठाला मऊ पेन्सिलीने हलकेच लिहा. येत्या रविवारीच बसा. ओळखणारी माणसे घराघरांत एकदोनच उरली आहेत.