पाटणची पेठ आणि गौताळ्याचे रान

दिवाळीनंतरच्या सुटीचा विषय निघाला की आपल्या घरांतून ठरावीक नावेच ऐकू येतात : महाबळेश्वर, माउंट अबू, मनाली. तेथे गाडी लावावयास जागा मिळत नाही, जेवणासाठी रांगेत उभे राहावे लागते आणि घरी परतल्यावर विश्रांतीसाठी पुन्हा एक सुटी हवीशी वाटते. यंदा एक निराळी, जवळची दिशा सुज्ञ वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात ‘बॅडलँड्स’ नावाचा प्रदेश आहे. १९७८ साली त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तेथील मूळच्या लाकोटा लोकांनी त्यास ‘वाईट भूमी’ म्हटले होते. कातड्यांच्या व्यापारासाठी हिंडणाऱ्या फ्रेंचांनीही ‘ओलांडावयास वाईट भूमी’ असेच नाव दिले. ज्या वाटेने माल सुखरूप जात नाही ती भूमी वाईट, हा व्यापाऱ्याचा निवाडा नकाशावर कायम झाला. आज त्याच ओसाड घळी पाहण्यासाठी लोक दूरदूरून जातात.

भूगोलाची पुस्तके अशा प्रदेशास ‘उत्खातभूमी’ म्हणतात. आपल्या खानदेशात तापी आणि गिरणा यांच्या काठांवर ती आहेच. नद्यांनी सहस्रावधी वर्षांत साचविलेला मऊ गाळ पावसाचे पाणी कोरत जाते. आधी ओघळ, मग नाळ, मग माणूस दिसेनासा व्हावा अशी घळ. नांगर चालत नाही म्हणून आपण तिला पडीक म्हणतो आणि पुढे जातो. वहीत जमेच्या बाजूस तिची नोंद होत नाही, म्हणून ती डोळ्यांनाही दिसत नाही.

अशीच ‘ओलांडावयास वाईट’ ठरलेली, परंतु वनखात्याने राखलेली भूमी पाचोऱ्याहून अवघ्या काही तासांवर आहे. ती म्हणजे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य. येथे गाळाच्या घळी नाहीत. काळ्या पाषाणाचे तुटलेले कडे आणि खोल दऱ्या आहेत. जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांच्या सीमेवरील हे सुमारे २६० चौरस किलोमीटरांचे रान १९८६ साली अभयारण्य झाले. घाटास नाव मिळाले ते जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचे. त्याने १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभी केली होती. बिबट्या, नीलगाय, रानडुक्कर, वानर आणि मोर येथे नांदतात. २०२१ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा एक वाघ शेकडो किलोमीटर चालून येथे पोहोचला होता.

या रानाच्या पायथ्याशी पाटणादेवी आहे. आज तेथे चंडिकादेवीचे प्राचीन मंदिर, झाडी आणि शांतता एवढेच दिसते. एके काळी तेथे भरलेली पेठ होती. इसवी सन १२०७ च्या सुमाराचा पाटणचा शिलालेख सांगतो की, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केला. त्यातील मराठी ओळी आपण व्यापाऱ्यांनी आवर्जून समजून घ्याव्यात. पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावर ग्राहकाकडून राजास मिळणारे शुल्क मठास दिले गेले. घाण्यांमागे तेलाचे मापही लावून दिले गेले. व्याज, भागीदारी आणि सोन्याचा कस यांची गणिते घालणाऱ्या ‘लीलावती’चे अध्ययन बाजाराच्या उत्पन्नावर चालले, हे किती यथोचित! पेठ गेली, घाणे गेले. त्या दानाची नोंद मात्र दगडावर राहिली.

जवळच्या कन्हेरगडाच्या अंगाला ‘नागार्जुन कोठडी’ नावाचे लहानसे जैन लेणे आहे. आत तीर्थंकरांची शिल्पे आहेत. वेरूळची इंद्रसभा आपण सहकुटुंब पाहतो. परंतु आपल्याच जिल्ह्यातील या लेण्याचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले असेल?

वर पठाराच्या कडेशी, दरीत, पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून ती कोरली गेली. तेथील खांबांवर दात्यांची नावे आढळतात. त्यांपैकी एक पैठणचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी मितदेव. ज्या दरीस आपण वाट वाकडी करून टाळतो, तेथे दोन हजार वर्षांपूर्वी एका अत्तरवाल्याने दान दिले होते.

आता नियोजन. चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा उलटली की फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात केदारकुंड आणि धवलतीर्थ येथील प्रपात मोहक असतात, पण वाटा निसरड्या आणि जीवजंतूंनी भरलेल्या. नवरात्रातील यात्रा आणि रविवार टाळावेत. पाचोऱ्याहून चाळीसगाव रेल्वेने सुमारे ४५ किलोमीटर. तेथून पाटणादेवी सुमारे १८ किलोमीटर. पहाटे निघाल्यास मंदिर आणि जैन लेणे निवांत पाहून सूर्यास्तापूर्वी भोजन उरकून परतता येते. पितळखोऱ्यासाठी दुसरा दिवस राखावा. घाट चढून कन्नडच्या बाजूने जावे लागते आणि लेण्यांकडे उतरणाऱ्या पायऱ्या गुडघ्यांची परीक्षा घेतात. पाणी, दशम्या, चटणी, खाखरे घरूनच न्यावेत. रानात फिरताना वनखात्याच्या कर्मचाऱ्यास विचारूनच पुढे जावे.

एक नम्र विनंती. तीन बसगाड्या, आचारी आणि ध्वनिक्षेपक घेऊन संघयात्रेच्या थाटात येथे जाऊ नये. दोन कुटुंबे पुरेत. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. वानरांना बिस्किटे वाटणे आपणांस जीवदया वाटते. परंतु आयते खाणारे वानर रान सोडून रस्त्यावर येते, गाडीखाली सापडते, हिसकावू लागते आणि शेवटी त्यासच उपद्रवी ठरवून पकडले जाते. अभयारण्यातील जीवांना आपल्या पिशवीतील अन्नाची नव्हे, आपल्यापासून अंतराची गरज आहे. ‘अभय’ हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. आपल्या परंपरेने अभयदान श्रेष्ठ मानले आहे, आणि येथे ते देण्यासाठी काही खर्चावे लागत नाही. हात आवरावा लागतो, एवढेच.

मुलांना घेऊन जाल तेव्हा पाटणच्या त्या निवांत जागी त्यांना सांगावे की येथे पेठ होती, मापे होती, भाव होते. आज त्याच जमिनीवर मोर चरतो, आणि तिचे मोल कमी झालेले नाही.