मृत्युपत्राचा विषय टाळू नका

मृत्युपत्राची गोष्ट निघाली की आपल्या घरांतील वडीलधारी माणसे म्हणतात, "अशुभ बोलू नका." शिकलेली मंडळी वेगळे कारण देतात : मॉरिशसमध्ये वारसा कर नाही, मग नोतेरकडे खर्च कशाला? आमच्या मते दोन्ही कारणे चुकीची आहेत. कर नसला तरी भांडण असतेच.

नेहमीचे चित्र पाहा. वाक्वा किंवा कास्काव्हेलला आजोबांनी उसाच्या शेतात राबून जमिनीचा तुकडा घेतला. वडिलांनी घर बांधले, थोरल्याने वर मजला चढवला, धाकटा मागच्या अंगणात राहिला. एक बहीण रोझ हिलला नांदते, दुसरी इंग्लंडला. वडील गेले आणि सारे सामाईक झाले. आता घर विकायचे तर सर्वांच्या सह्या हव्यात. आपल्या सिव्हिल कोडप्रमाणे सामाईकीत राहण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. एकाने वाटणी मागितली आणि जमिनीचे तुकडे पडण्यासारखे नसले, तर गोष्ट कोर्टातल्या लिलावापर्यंत जाते. मग आजोबांच्या घामावर परका बोली लावतो.

मृत्युपत्राने मनाला येईल ते करता येत नाही, हेही खरे. एक मूल असेल तर निम्म्या मालमत्तेबद्दल, दोन असतील तर एक तृतीयांशाबद्दल आणि तीन वा अधिक असतील तर फक्त एक चतुर्थांशाबद्दल आपण ठरवू शकतो. बाकीचे मुलांचे, आणि त्यात मुलगा-मुलगी हा भेद नाही. बहिणीने मुकाट्याने सही करून हक्क सोडावा अशी अपेक्षा आपल्याकडे अजून धरली जाते. ती आम्हाला मान्य नाही.

परंतु जेवढे हाती आहे तेवढ्याने पुष्कळ साधते. मागे राहणाऱ्या पत्नीला हयातभर घरात राहण्याचा हक्क देता येतो. नोतेर त्याला युझुफ्रुई म्हणतात. अपंग मुलाची सोय पाहता येते. आईबापांना हयातीतच नोतेरसमोर वाटणीही करून देता येते. ज्यांचे लग्न केवळ धार्मिक विधीने झाले, नागरी नोंद नाही, त्यांनी तर आजच चौकशी करावी. नाहीतर जन्मभर संसार केलेली बाई कायद्याच्या लेखी परकी ठरेल.

घरी मृत्युपत्र लिहायचे तर ते सगळे स्वतःच्या हाताने लिहावे, तारीख घालावी, सही करावी. मुलाकडून टंकलिखित करून घेऊन खाली नुसती सही केली, तर ते चालत नाही.

देव्हारा कोणाकडे, झाकरीची ढोलकी कोणाकडे, आजोबांचे आगमनाचे कागद कोण जपणार, हे कोड सांगत नाही. ते आईबापांनीच सांगावे. गणेश चतुर्थीला मुले-लेकी-सुना सगळ्या एका घरी जमतात. आरती झाली, प्रसाद वाटला की वडिलांनी हा विषय काढावा. त्यात अशुभ काही नाही. खरे अशुभ म्हणजे पुढच्या चतुर्थीला भाऊ भावाच्या दारी न येणे.