बट्टा विचारायला लाजू नका

‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार आपण सर्रास वापरतो. पण बट्टा हा शब्द सराफाच्या पेढीवरचा आहे, हे आता फारसे कोणाच्या ध्यानात राहिलेले नाही. एका टांकसाळीचे नाणे दुसऱ्या मुलखात चालवावयाचे, तर सराफ त्याचे वजन व कस पाहून जी कपात करी, तिचे नाव बट्टा. माझे गाव सौंसर. आमचा तो सारा टापू, सौंसर आणि पांढुर्णा, नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला. 1835 साली कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरविला, 1853 साली तिसऱ्या रघूजींच्या निधनानंतर नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि हळूहळू नागपुरी रुपयाबरोबर त्याचा बट्टाही गेला. पुढे 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात गेला व आम्ही मध्यप्रदेशात राहिलो, तरी सीमेच्या दोन्ही बाजूंस रुपया एकच होता. बट्टा कायमचा गेला, अशीच आमची समजूत होती. ती चुकीची आहे, हे मला गेल्या वर्षी पुतण्यामुळे कळले.

पुतण्याला परदेशातील पाच विद्यापीठांत प्रवेशअर्ज पाठवायचे होते. पहिल्या अर्जाचे शुल्क शंभर डॉलर. ऑनलाइन पैसे भरण्याच्या एका सेवेतून त्याने ते भरले, आणि दुसऱ्या दिवशी बँकेचा संदेश पाहून मला फोन केला. “काका, फी शून्य लिवली होती. मंग पैसे कायले जास्त कटले?”

मी विचारले, “डॉलरचा भाव काय लावला होता?”

त्याने तो पाहिलाच नव्हता. आणि याचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, पांढुर्ण्याच्या बाजारात संत्री नेतात, तेव्हा गाडी रिकामी होण्यापूर्वी भाव, अडत, हमाली, तोलाई सारे विचारून घेतात! बाप ज्या गोष्टीवाचून माल उतरवीत नाही, ती गोष्ट मुलाला विचारावीशीही वाटली नाही. दोष मुलाचा नाही. पडद्यावर भाव बारीक अक्षरांत होता आणि ‘शुल्क शून्य’ हे ठळक अक्षरांत होते.

यातली मेख अशी आहे. परदेशी विक्रेत्याला पैसे देताना कोणीतरी रुपयांचे डॉलर करावेच लागतात. ते काम दोघांपैकी एकजण करतो. एक तर आपल्या कार्डाची यंत्रणा व बँक, नाहीतर मधली सेवा किंवा विक्रेत्याची बँक. ‘रुपयांत भरा’ हा पर्याय निवडला, की काम दुसऱ्याकडे जाते. हा दर तो आपल्या मर्जीने ठरवितो आणि बाजारभावावर तीन-चार टक्के, कित्येकदा त्याहूनही अधिक चढवितो. शुल्क खरोखरच शून्य असते. कमाई दरात असते. ‘डॉलरमध्ये भरा’ असे निवडले, तर कार्डाच्या यंत्रणेचा दर लागतो. तो बाजारभावाच्या बराच जवळ असतो. त्यावर आपली बँक स्वतःची टक्केवारी लावते आणि त्या टक्केवारीवर 18 टक्के जीएसटी घेते.

हिशेबाच्या सोयीसाठी डॉलरचा भाव 90 रुपये धरू. शंभर डॉलरचे झाले 9,000. मधल्या सेवेने चार टक्के चढविले, तर 9,360. वर, रुपयांत पण परदेशी विक्रेत्याला पैसे दिले म्हणून काही बँका आणखी एक टक्का व त्यावरचा जीएसटी घेतात. म्हणजे सुमारे 110 रुपये. एकूण 9,470. आता तेच डॉलरमध्ये, दोन टक्के घेणाऱ्या कार्डाने भरले, तर 180 रुपये आणि जीएसटीचे 32, एकूण 9,212. एका अर्जामागे 258 रुपयांचा फरक, पाच अर्जांचे 1,290. बागेतल्या मजुराची ही तीन-चार दिवसांची मजुरी झाली. थेंबे थेंबे तळे साचते, तसे थेंबे थेंबे ते आटतेही.

परंतु ‘नेहमी डॉलरच निवडा’ असे मी डोळे मिटून सांगणार नाही. काही कार्डांवर बँकेची टक्केवारी साडेतीन असते. जीएसटी धरून ती 4.13 होते, आणि शंभर डॉलरला 9,372 रुपये पडतात. बँक तो वरचा एक टक्का घेत नसेल, तर तिथे मधली सेवाच बारा रुपयांनी स्वस्त ठरेल. उलट काही कार्डांवर ही टक्केवारी मुळीच नसते. तात्पर्य, आपल्या कार्डाची टक्केवारी आधी बँकेच्या दरपत्रकात पाहावी, मग पडद्यावरचा दर त्या दिवशीच्या संदर्भदराशी ताडून पाहावा. डॉलर, पौंड, युरो व येन यांचे संदर्भदर कामकाजाच्या दिवशी रोज जाहीर होतात व ते कोणालाही पाहता येतात. दोन दरांतील फरकाला संदर्भदराने भागून शंभराने गुणले, की बट्टा हाती आला. सातवीच्या मुलाला येणारे हे गणित आहे.

पैसे येण्याची बाजू याहून अवघड. आमच्या पांढुर्ण्याकडची काही मुले आता घरी बसून परदेशी गिऱ्हाइकांची कामे करतात. कोणी चित्रे काढतो, कोणी भाषांतर करतो. पेपालसारख्या सेवेत आलेले डॉलर भारतातील खातेदाराला तिथे साठवून ठेवता येत नाहीत. त्यांचे रुपये होऊन ते आपोआप बँकेत जमा होतात, आणि दर त्या सेवेचाच असतो. येथे पडद्यावर निवड नाही; निवड आहे ती काम घेतानाच. रक्कम मोठी असेल तर ती थेट बँकेत मागवावी आणि बँकेला विदेशी चलन खरेदीचा तिचा दर विचारावा. मोठ्या रकमेला थोडी घासाघीसही चालते. किंवा दर बाजारभावाचा ठेवून शुल्क वेगळे दाखविणारी सेवा पाहावी. मोबदला ठरवितानाच हा खर्च धरावा. नाहीतर आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही गत.

कोणी म्हणेल, सेवा देणाऱ्याने चार पैसे मिळवू नयेत काय? अवश्य मिळवावेत. माझी तक्रार बट्टा घेण्याविषयी नाही, तो लपविण्याविषयी आहे. आपल्या कन्नड विभागातील मित्रांनी घरातील वृद्धांना विचारावे. निजामाच्या राज्यात, बीदर-कलबुर्गीकडे काय किंवा मराठवाड्यात काय, हाली सिक्का आणि कलदार असे दोन रुपये चालत. सात हाली म्हणजे सहा कलदार, हे प्रमाण सर्वांना ठाऊक असे. भाषा दोन होत्या, पण हिशेब दोघांचाही एकच होता, आणि तो उघड होता.

उघडेपणा कायद्याने आणता येतो, हे युरोपने दाखविले आहे. तेथील 2019 च्या एका नियमानुसार, एप्रिल 2020 पासून, युरोपीय संघात कार्डाने पैसे भरताना चलनबदलाचा आकार हा युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भदरावर किती टक्के आहे, ते व्यवहारापूर्वी सांगावे लागते. आपल्याकडेही पडद्यावर ‘शुल्क शून्य’ लिहिणाऱ्याला त्याच आकाराच्या अक्षरांत ‘दर संदर्भदरापेक्षा इतके टक्के अधिक’ असे लिहावयास लावले पाहिजे.

तोवर आपण काय करावे? आपल्या महाविद्यालयातून दरवर्षी कितीतरी मुले परदेशी परीक्षांची व अर्जांची शुल्के भरतात. वाणिज्य विभागाने प्रवेशअर्जांच्या दिवसांत एक तास यासाठी द्यावा, फळ्यावर वरचा हिशेब मांडावा, आणि प्रत्येकाने आपापल्या कार्डाची टक्केवारी शोधून आणावी. यास अनुदान लागत नाही, समिती लागत नाही.

पुतण्याने उरलेले चार अर्ज वडिलांच्या शेजारी बसून भरले. बंधूंना इंग्रजी येत नाही. त्यांनी दर वेळी एकच विचारले, “भाव काय लावला रे?” एवढा एक प्रश्न पुरेसा होता. तो विचारण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.